तरंगतंय म्हणजे हलकं झालं असं नाही

कुणीतरी विचारलंय, की बार्ज, म्हणजे माल वाहणारी मोठी सपाट बोट, पाण्यावर तरंगते, तिचं वजन पाणीच पेलतं, मग ढकलायला एवढा जोर का लागावा. पाणी वजन पेलतं हो, पण वस्तुमान कुठे जात नाही आणि वेग बदलताना आडवं येतं ते वस्तुमानच. आकडे टाकून बघा, 500 न्यूटनचा जोर 200 किलोच्या होडीला लावला तर तिचा वेग दर सेकंदाला अडीच मीटर प्रति सेकंदाने वाढतो, आणि खनिज भरलेली 2000 टनांची बार्ज तेवढ्याच जोराने अख्खं मिनिटभर ढकला, पाण्याचा विरोध सोडून देऊ, तर वेग होतो सेकंदाला जेमतेम दीड सेंटीमीटर. पण हलते नक्की! थांबवताना हेच गणित उलटं. गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीत बघा, बोट धक्क्याला अगदी हळू टेकते तरी उभी माणसं पुढे झुकतात, स्कूटरवाले ब्रेक धरून असतात. बाबा लहानपणी ओरडायचे, बोट आणि धक्क्याच्या मधे पाय घालू नको म्हणून, मला वाटायचं एवढ्या हळू येणाऱ्या बोटीला काय घाबरायचं, पण वेग कमी असला तरी वस्तुमान अफाट, त्यामुळे संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, प्रचंड, आणि तो पायाने अडत नाही.