बर्नार्ड ६८ च्या पोटातलं कळतं कसं?

रातपाखरू
बर्नार्ड ६८ चा फोटो पाहिल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. भुजंगधारीतल्या ताऱ्यांच्या गर्दीत एकदम काळाकुट्ट ठिपका. असे डाग पाहून खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला आकाशाला भोक पडल्यासारखं वाटलं होतं म्हणे. मलाही तसंच वाटलं असतं. तो वायू-धुळीचा ढग आहे, मान्य. पण वस्तुमान सूर्याच्या दुप्पट, तापमान १० केल्विनच्या (उणे २६३ अंश सेल्सिअसच्या) आसपास, हे आकडे आणले कुठून? आणि यात तारा जन्मणार का?

तांबडं_फुटलं
वस्तुमानाचं सांगतो. धूळ दृश्य प्रकाश अडवते तितका अवरक्त (इन्फ्रारेड) अडवत नाही. त्यामुळे ढगामागचे तारे अवरक्तात दिसतात, फक्त तांबूस झालेले. जितका तारा तांबूस, तितकी वाटेत धूळ जास्त. आल्व्हेस आणि सहकाऱ्यांनी २००१ साली हजारो ताऱ्यांवरून असाच नकाशा काढला. धुळीच्या साधारण शंभरपट वायू धरायचा, की झालं वस्तुमान. मधोमध दृश्य प्रकाशाचा लाख कोटींतला जेमतेम एक भाग आरपार येतो!

खरखर
तापमानाकडे वळतो, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. हायड्रोजनचा रेणू इतक्या थंडीत जवळजवळ मुकाच असतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटर तरंगलांबीची वर्णपटरेषा बघतात. एमएस्सीच्या प्रकल्पात मी एका (दुसऱ्याच) ढगाच्या दाट गाभ्याचा तसा नकाशा काढला, तर धूळ सगळ्यात दाट तिथेच खळगा! दोन आठवडे कॅलिब्रेशन उकरत बसलो. सरांनी नकाशा बघितला आणि हसले. वायू कुठे गेला नव्हता, कार्बन मोनॉक्साइड धूलिकणांवर गोठून बसला होता. अमोनिया इतक्या सहज गोठत नाही, त्याच्या १.३ सेंटिमीटरच्या रेषा घेतल्या, तर शिखर बरोब्बर खळग्याच्या जागी. त्यातल्या दोन रेषांच्या प्रमाणावरून तापमानही निघतं. तुमचे १० केल्विन असेच येतात.

रातपाखरू
म्हणजे हर्शेलचं भोक तुम्हाला दुसऱ्यांदा सापडलं की! आणि ताऱ्याचं?

तांबडं_फुटलं
ढगाची घनता आतून बाहेर जशी उतरते, त्यावरून तो तोलाच्या अगदी काठावर आहे. दाब आणि गुरुत्व यांची रस्सीखेच. तोल गेलाच, तर आकुंचनाला लाखभर वर्षं, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात चुटकीसरशी. पण जाईलच अशी पैज मी लावणार नाही.

रातपाखरू
आत आधीच एखादा लपून बसला नसेल कशावरून?

खरखर
रास्त शंका. एल१०१४ गाभा रिकामा समजत होते, २००४ मध्ये स्पिट्झर अवकाश दुर्बिणीला आत मिणमिणता स्रोत सापडला. बर्नार्ड ६८ मध्ये मात्र तसं काही दिसलेलं नाही. धूळ कडेला १६-१७ केल्विन आणि मध्यभागी ८ च्या आसपास. आत शेगडी पेटलेली असती तर उलटं दिसलं असतं. हे मोजलं कुणी, तर हर्शेलच्याच नावाच्या अवकाश दुर्बिणीनं.