ईएसआयसी (कामगार राज्य विमा) आणि आई-वडिलांचा मेडिक्लेम, दोन्ही पगारातून कापतात. यातलं चुकीचं कोणतं?

चाकण_ते_भोसरी
भोसरी एमआयडीसीत नोकरी. मेपर्यंत पगार २०,५००, जूनपासून २३,८००. २१,००० च्या वर गेलं की ईएसआयसी थांबते असं ऐकलं होतं, पण कपात १५४ वरून १७९ झाली. शिवाय जूनपासून दरमहा १,२५० रुपये 'जीएमसी पेरेंट्स' (कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील) म्हणून जातात. फॉर्मवर आई-वडिलांसाठी 'नाही' असं लिहून दिलं होतं. ऑगस्टपर्यंत ३,७५० गेले. एचआर म्हणतं वर्षाच्या मध्ये बदल होत नाही. दोन्ही पैसे परत मिळतील का?

हजेरीपट
ईएसआयसीची कपात बरोबर आहे, त्यावर भांडू नका. योगदानाचे कालावधी दोन, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालावधी सुरू होताना तुम्ही मर्यादेत होता, त्यामुळे मध्ये पगार वाढला तरी सप्टेंबर संपेपर्यंत कपात चालू राहते, आणि तीही वाढलेल्या पूर्ण पगारावर. २३,८०० चे ०.७५ टक्के म्हणजे १७८.५०, रुपया वरच्या अंकाला नेतात म्हणून १७९. कंपनी स्वतःचे ३.२५ टक्के वेगळे भरते.

हे पैसे वाया जात नाहीत. एप्रिल-सप्टेंबरच्या योगदानावर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात. या सहा महिन्यांत ७८ दिवसांचं योगदान भरलेलं असेल तर आजारपणाच्या रजेत ७० टक्के वेतनही मिळतं. तेव्हा ईएसआयसीचं ई-पहचान कार्ड टाकून देऊ नका.

लक्ष ठेवायचं ते ऑक्टोबरच्या स्लिपवर. ईएसआयसीच्या पोर्टलवर 'आउट ऑफ कव्हरेज' (पगार मर्यादेबाहेर गेला म्हणून योजनेतून बाहेर) हा पर्याय एप्रिल आणि ऑक्टोबरच्याच भरण्यात चालतो. पेरोलवाल्याने तो चुकवला तर पुढचे सहा महिने कपात चालू राहते. सप्टेंबरच्या शेवटी एक मेल टाकून ठेवा. भरणा झाला की नाही ते 'उमंग' ॲपवर दिसतं. तिथे घोळ दिसला तर बिबवेवाडीचं ईएसआयसी कार्यालय, नाहीतर १८००-११-२५२६.

जमाखर्च
मेडिक्लेमची कपात मात्र चूक आहे. तुमच्या संमतीशिवाय ऐच्छिक विम्याचा हप्ता कापता येत नाही. पण "परत द्या" म्हणण्याआधी पैसे आत्ता कुठे आहेत ते शोधा, कारण पुढचा रस्ता त्यावरच ठरतो.

टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) पोर्टलवर जाऊन ई-कार्डं बघा. आई-वडिलांची नावं नसतील तर विमा उतरवलाच नाही, पैसे कंपनीकडेच पडून आहेत आणि पुढच्या पगारात उलटी नोंद केली की विषय संपतो. नावं असतील तर बहुधा कंपनीने वर्षाचे १५,००० एकदम भरले असतील आणि बारा हप्त्यांत तुमच्याकडून वसूल करत असेल. एचआर आढेवेढे घेतं ते यासाठी. बऱ्याचदा मागच्या वर्षीची निवड सिस्टीममध्ये तशीच पुढे ओढली जाते आणि नवा फॉर्म कोणी चढवतच नाही.

चाकण_ते_भोसरी
आत्ताच पाहिलं, दोघांची कार्डं आहेत. क्लेम कधीच केलेला नाही.

जमाखर्च
क्लेम नाही हे फार बरं झालं. नावं वगळण्यासाठी कंपनीने विमा कंपनीला 'डिलीशन एन्डॉर्समेंट' पाठवायचं असतं. क्लेम नसेल तर साधारणपणे उरलेल्या दिवसांचा हप्ता परत येतो. झालेल्या तीन महिन्यांचा येत नाही, पण तो फरक कंपनीने सोसायचा, कारण चूक त्यांची. मेल असा लिहा:

"नावनोंदणी फॉर्ममध्ये मी आई-वडिलांसाठी 'नाही' निवडले होते (प्रत सोबत). तरीही जून, जुलै, ऑगस्टच्या पगारातून प्रत्येकी १,२५० रुपये कापले. कृपया दोघांची नावे वगळावीत, पुढची कपात थांबवावी आणि ३,७५० रुपये सप्टेंबरच्या पगारात परत करावेत."

तिन्ही स्लिपा जोडा आणि पेरोल बंद व्हायच्या आत पाठवा, बहुतेक ठिकाणी ती तारीख २० ते २५ च्या दरम्यान असते. प्रत्यक्ष बोलणं झालं तरी "आज ठरल्याप्रमाणे" म्हणून दोन ओळी मेलवर आल्याच पाहिजेत. इतकं करूनही दाद दिली नाही तर वाकडेवाडीला कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. तिथेही हीच कागदपत्रं लागतील.

बिबवेवाडी_२
नावं काढण्याआधी घरी एकदा बोला. ग्रुप पॉलिसीत आई-वडिलांचा बीपी, मधुमेह सहसा पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. बाहेर स्वतंत्र पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी थांबावं लागतं. आता नावं काढलीत तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत परत घालता येणार नाहीत. कागदावर चूक असली तरी विमा कामाचा असू शकतो.

हजेरीपट
परतावा कोणत्या रकान्यात येतो तेही आधीच सांगून ठेवा. 'एरिअर्स' म्हणून ३,७५० टाकले तर सप्टेंबरचा पगार २७,५५० दिसेल आणि ईएसआयसी १७९ ऐवजी २०७ कापली जाईल. स्वतःचेच पैसे परत घेताना २८ रुपये जातील. म्हणून कपातीच्या त्याच रकान्यात वजा ३,७५० अशी नोंद मागा. जुन्या करप्रणालीत ८०डी (आरोग्य विम्याच्या हप्त्याची करवजावट) दाखवत असाल तर ही रक्कम तिथूनही वगळा.