मदत हवी आहे: भावाला पिट्युटरीची गाठ, घराण्यातून येते का?

कपाशी_दारव्हा: लहान भावाच्या एमआरआयमध्ये पिट्युटरीला, म्हणजे मेंदूखालच्या हार्मोनच्या ग्रंथीला, गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी जनुकीय तपासणीचं नाव काढलं. हे आनुवंशिक असतं का? माझी टेस्ट कुठे होईल? माझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत, लवकर सांगा.

वर्धेची_लेक: भावाचं वय? गाठ केवढी? कोणतं हार्मोन वाढलंय? त्याशिवाय कोण काय सांगणार भाऊ?

रानवाट: ऑपरेशनच करा, गोळ्यांत वेळ घालवू नका. माझ्या काकांची नाकातून दुर्बिणीने काढली, आता शेतात जातात.

जुना_लॅबवाला: प्रत्येक गाठीला ऑपरेशन नसतं हो. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) बनवणारी असेल तर बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळीनेच आकसते. काकांची कोणती होती?

रानवाट: ते नाही माहीत. चपलेचा नंबर वाढत गेला, बोटातली अंगठी कापून काढावी लागली.

जुना_लॅबवाला: मग वाढीच्या हार्मोनची. तिथे ऑपरेशनच आधी. दोन्ही एका मापाने मोजू नका.

कपाशी_दारव्हा: वय 23. गाठ 18 मिमी, प्रोलॅक्टिन खूप वाढलेलं. गाडीवर बाजूने येणारं जनावर त्याला दिसत नव्हतं, खांदा दाराच्या चौकटीला घासायचा. आम्ही त्याला धांदरट म्हणून रागवायचो. पण माझ्या प्रश्नाचं काय?

संत्राबाग: आधी थायरॉइड तपासा. माझ्या बायकोचं प्रोलॅक्टिन त्यानेच वाढलं होतं.

वर्धेची_लेक: संत्राबाग, इथे एमआरआयमध्ये गाठ दिसते आहे, नजर जाते आहे. कपाशीभाऊ, बहुतेक गाठी घराण्यातून येत नाहीत, साधारण 5 टक्केच येतात. त्यात दोन जनुकं मुख्य: एमईएन-1, जे 1997 मध्ये सापडलं, आणि एआयपी, 2006 मध्ये. घरात कोणाला वारंवार मुतखडा? पोटात अल्सर?

कपाशी_दारव्हा: आईला दोन्ही किडन्यांत खडे, काढले तरी परत होतात. मामालाही. मामाचं अल्सरचं ऑपरेशनही झालंय. पण आमच्याकडचं पाणीच खारं, अर्ध्या गावाला मुतखडा आहे.

संत्राबाग: आरओ बसवा भाऊ. आमच्या ग्रामपंचायतीने बसवला तेव्हापासून फरक आहे.

वर्धेची_लेक: पाण्याचं नंतर बघू! हे डॉक्टरांना सांगितलं का? एमईएन-1 जनुकात दोष असला की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी वाढतात, रक्तात कॅल्शियम चढतं, त्याने खडे होतात. अल्सरही त्यातलाच असू शकतो. आई, मामा आणि तुम्ही तिघांचं कॅल्शियम आणि पीटीएच (त्याच पॅराथायरॉइडचं हार्मोन) करा, साध्या रक्ताच्या तपासण्या आहेत. जनुकाची तपासणी मात्र आधी भावाची. त्याच्यात दोष सापडला तरच तुमची. आईकडून आला असेल तर तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी.

कपाशी_दारव्हा: डॉक्टरांनी गाठीचंच विचारलं होतं, म्हणून मुतखड्याचं बोललोच नाही. आईचं रक्त उद्या तालुक्याला देतो. मुलीकडच्यांना आत्ताच सांगू का?

रानवाट: सांगाच. उद्या बाहेरून कळलं तर जड जाईल.

वर्धेची_लेक: भावाचा रिपोर्ट हातात येऊ द्या, मग कागद दाखवूनच सांगा. अजून तुम्हालाच माहीत नाही, त्यांना काय सांगणार?

जुना_लॅबवाला: रक्त देताना दंड फार वेळ आवळून ठेवू देऊ नका, कॅल्शियम खोटं जास्त येतं. अल्ब्युमिनही (रक्तातलं प्रथिन, कॅल्शियमचा आकडा त्यावरून जुळवतात) त्याच रक्तात करायला सांगा.