चर्चा धागा: संकल्पातले युगांचे आकडे, इतिहास की हिशेब?

खाडीकाठ
गणपतीत कोकणातल्या घराघरांत संकल्प होतो: "द्वितीये परार्धे, श्रीश्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वन्तरे, अष्टाविंशतितमे युगे, कलियुगे प्रथमचरणे…" त्याचा अर्थ मुलांना सांगताना हल्ली एक वाक्य हमखास जोडलं जातं. ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा, विज्ञानानुसार पृथ्वीचं वय 454 कोटी, म्हणजे ऋषींना पृथ्वीचं वय ठाऊक होतं. ही जुळवणी चुकीची आहे आणि ती थांबवावी, असं माझं ठाम मत आहे. त्या आकड्यांचं खरं मोल तिच्यामुळे झाकलं जातं.

आधी हिशेब मांडू. कलियुग 4,32,000 वर्षांचं. द्वापर दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. चारही मिळून 43,20,000. अशी 71 चतुर्युगं म्हणजे एक मन्वंतर, 30,67,20,000 वर्षं. मन्वंतरं 14. पण 14 गुणिले 71 केले की 994 येतात, कल्पाची, म्हणजे ब्रह्मदेवाच्या एका दिवसाची, 1000 भरत नाहीत. उरलेली 6 संधींमध्ये असतात. पहिल्या मन्वंतराच्या आधी एक आणि मग प्रत्येकाच्या शेवटी एक, असे 15 संधी, प्रत्येक कृतयुगाएवढा. कृतयुग हा चतुर्युगाचा 0.4 भाग, पंधरा वेळा घेतला की बरोबर 6. संधी गाळून बेरीज केली की ती 429 कोटींवर अडते आणि माणूस गोंधळतो.

आता गेलं किती? 6 मन्वंतरं: 1,84,03,20,000. 7 संधी: 1,20,96,000. 27 चतुर्युगं: 11,66,40,000. चालू चतुर्युगातलं कृत, त्रेता, द्वापर: 38,88,000. बेरीज 1,97,29,44,000. कलीची गत वर्षं काढायला शकात 3179 मिळवायचे. शके 1947 ला 5126 येतात. एकूण 1,97,29,49,126.

म्हणजे संकल्पाप्रमाणे या कल्पाची गेलेली वर्षं 197 कोटी. 432 कोटी हा पूर्ण दिवस आहे आणि त्याची अजून दुपारही झालेली नाही. ताडून बघायचंच तर 197 आणि 454 ताडावे लागतील. ते जुळत नाहीत.

मग 43,20,000 कशासाठी? सूर्यसिद्धान्त हा खगोलगणिताचा जुना ग्रंथ उघडा. एका महायुगात (म्हणजे चतुर्युगात) सावन दिवस, सूर्योदय ते सूर्योदय असे, 1,57,79,17,828. चंद्राच्या प्रदक्षिणा 5,77,53,336. अधिकमास 15,93,336. सगळे पूर्णांक. दशांश अपूर्णांक नव्हते तेव्हा सूक्ष्म गती लिहायची ही रीत होती: काळ इतका मोठा घ्यायचा की प्रत्येक ग्रहाच्या फेऱ्या पूर्ण भरतील. दिवसांना वर्षांनी भागा, वर्ष 365.258756 दिवसांचं येतं. आजचं नाक्षत्र (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेलं) वर्ष 365.256363. फरक वर्षाला साडेतीन मिनिटांच्या आतला. महायुगाच्या 5,18,40,000 सौरमासांना अधिकमासांनी भागलं की 32 महिने 16 दिवस 4 घटी (घटी म्हणजे 24 मिनिटं) येतात, दर इतक्या काळाने एक अधिकमास. शके 1945 चा अधिक श्रावण आणि शके 1948 चा अधिक ज्येष्ठ हे त्याच भागाकाराचे परिणाम. माझ्या मते महायुग हा एक अप्रतिम भाजक आहे. त्याला इतिहास म्हणू नये.

दशग्रंथी
खाडीकाठ, आपला हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष अपुरा आहे. आपण क्रम उलटा लावलात. मनुस्मृतीत आणि महाभारतात 12,000 वर्षांचे चतुर्युग आहे. कृत 4000, त्याची संध्या (आधीचा संधिकाळ) 400, संध्यांश (नंतरचा) 400. पुढे 3000, 2000, 1000, त्यांच्या संध्या त्याच प्रमाणात. ही देवांची, म्हणजे दिव्य वर्षे; एक दिव्य वर्ष 360 मानवी वर्षांचे. 12,000 ला 360 ने गुणले की 43,20,000. ही संख्या सिद्धान्तग्रंथांच्या आधीची आहे. ज्योतिषांनी ग्रहांच्या फेऱ्या तिच्यात बसवल्या. फेऱ्यांसाठी संख्या निर्माण झाली, असे म्हणता येत नाही.

त्याहून मागे जा. शतपथ ब्राह्मणात ऋचांची मोजणी आहे: 12,000 बृहती (हा एक छंद), प्रत्येकीची अक्षरे 36, एकूण 4,32,000. तिथे संवत्सर, यज्ञवेदी आणि वाणी एकाच मापाने मोजली आहेत. कलियुगाची संख्या त्या मापातून येते. तिला केवळ भाजक म्हणणे म्हणजे देवळाला केवळ निवारा म्हणणे.

आणखी एक बारकावा. कलीची संध्या 100 दिव्य वर्षे, म्हणजे 36,000 मानवी वर्षे. त्यातली 5126 गेली. आपण कलीच्या मुख्य भागात पोचलेलोच नाही, आता कुठे तांबडे फुटते आहे. "प्रथमचरणे" म्हणताना ही जाणीव यजमानाला झाली तर संकल्पाचे काम झाले. आपण कुठे उभे आहोत हे उच्चारून मग पळीभर पाणी सोडायचे, एवढ्यासाठी ते वाक्य आहे.

आकडेमोड
4,32,000 ही संख्या एकट्या भारताची नाही. बेरोसस या बाबिलोनी पुरोहिताने इ. स. पू. तिसऱ्या शतकात महापुरापूर्वीच्या राजांना मिळून एवढीच वर्षं दिली आहेत. बाबिलोनी मोजणी साठाच्या पटीत चालायची, 3600 चा एक "सार", असे 120 सार. कोणी कोणाकडून घेतलं यावर अभ्यासकांत एकमत नाही. 360 दिवसांचं वर्ष धरणाऱ्या दोन संस्कृती स्वतंत्रपणेही तिथे पोचू शकतात.

आणि "युग" शब्द नेहमी एवढा मोठा नव्हता. वेदांग ज्योतिषातलं युग पाच वर्षांचं: 1830 दिवस, 62 चांद्रमास, त्यात 2 अधिक. यज्ञाच्या तिथी काढायला तेवढं पुरत होतं. ग्रहांचं गणित आलं तसं युग वाढत गेलं. या बाजूने खाडीकाठ बरोबर आहेत.

जांभा
दगडाच्या बाजूने थोडं. रत्नागिरी, देवगडच्या कड्यांचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. वरचा जांभा त्याच्याच कुजण्यातून झाला. वैवस्वत मन्वंतराची गत वर्षं 12,05,33,126. त्यातून 6.6 कोटी वजा केले की तो लाव्हा याच मन्वंतराच्या 13 व्या चतुर्युगात पडतो. तिथपर्यंत गोष्ट बसते. पण रेडीकडे लोहखनिज ज्या खडकांत आहे ते भूवैज्ञानिक धारवाड समूहात धरतात, 250 कोटी वर्षांहून जुने. कल्प सुरू होऊन 197 कोटीच झाली. म्हणजे वेंगुर्ला तालुक्यातला एक डोंगर चालू सृष्टीपेक्षा जुना ठरतो. जुळवणी करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

दशग्रंथी
उत्तर कल्पाच्या नावातच आहे. श्वेतवाराह. वराहाने पृथ्वी *वर काढली*, घडवली नाही. ती पाण्याखाली होतीच. विष्णुपुराण प्रलयाचे प्रकार वेगळे करून सांगते. ब्रह्मदेवाच्या रात्री होतो तो नैमित्तिक: तिन्ही लोक जळतात, मग सर्वत्र पाणी, पण महाभूते शिल्लक राहतात. महाभूतेही आपापल्या कारणांत विरतात तो प्राकृतिक, ब्रह्मदेवाची 100 वर्षे संपल्यावर. ज्ञानाने एका जीवापुरता होतो तो आत्यंतिक. क्षणोक्षणी चालू असतो तो नित्य. रेडीचा खडक 197 कोटींहून जुना असला तर पुराणाला बाध येत नाही. "कल्पारंभी शून्यातून पृथ्वी" हे मत आमचे नव्हेच.

म्हणूनच 432 आणि 454 ची जुळवणी मलाही नको आहे. ती पुराण न वाचता केलेली असते.

बंदर_रोड
दोघंही फार कडक होता आहात. आकडा तंतोतंत जुळत नाही, मान्य. पण कोटींच्या घरात विचार करणं ही लहान गोष्ट आहे का? इ. स. 1650 मध्ये आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने सृष्टीचा आरंभ इ. स. पू. 4004 ला बसवला. तेव्हा आपल्याकडे खेड्यातला भटजीही रोज 197 कोटींचं नातं सांगत होता. मुलांना हा अभिमान वाटू द्यावा. नाही सांगितलं तर ती संकल्प म्हणायचंच सोडतील.

खाडीकाठ
अभिमान वाटावाच. पण जुळवणीवर टेकवलेला अभिमान मूल अकरावीत भूगोल शिकेपर्यंतच टिकतो. तेव्हा त्याला कळतं की 432 हा पूर्ण दिवस आहे, आणि मग ते खरं तेही टाकून देतं.

अभिमानाला खरी जागा पुष्कळ आहे. आर्यभटाने स्मृतीचं 4:3:2:1 हे प्रमाणच सोडलं. चारही युगपाद सारखे, 10,80,000 वर्षांचे. मनू 72 युगांचा, कल्प 1008 युगांचा, त्यामुळे संधींची गरजच उरली नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये स्मृती सोडल्याबद्दल त्याच्यावर कडक टीका केली. कल्पाची लांबी किती यावर उघड वाद घालणारी ही परंपरा आहे. हे मुलांना सांगा.

दशग्रंथी, संख्या आधी आणि फेऱ्या नंतर, हे मी मान्य करतो. माझं वाक्य दुरुस्त करतो: आलेली पवित्र संख्या गणितींनी भाजक म्हणून राबवली. पण एक प्रश्न. पंचांगात कलियुगादि भाद्रपद वद्य त्रयोदशीला असते, पितृपक्षात. सिद्धान्ताप्रमाणे कली सुरू होतो चैत्रारंभी, इ. स. पू. 3102, 17 आणि 18 फेब्रुवारीच्या मधल्या उज्जैनच्या मध्यरात्री. दोन्ही इतिहास कसे होतील?

दशग्रंथी
दोन्ही इतिहास नाहीत, हे मीही म्हणतो. त्रयोदशी ही श्राद्धाची तिथी, स्मृतीने नेमलेली, अक्षय्य तृतीया ही त्रेतायुगादि तशीच. चैत्र हा गणिताचा आरंभ. धर्मकृत्याला पहिली, ग्रहसाधनाला दुसरी. एकीने दुसरी खोडायची नसते.

आकडेमोड
त्या मध्यरात्रीला सूर्यसिद्धान्त सगळे मध्यम ग्रह (सरासरी गतीने काढलेली स्थानं) मेषारंभी ठेवतो. आधुनिक गणिताने ते तेव्हा चाळीसेक अंशांत पसरलेले होते. म्हणजे ही युती मागे मोजत नेऊन मिळालेली आहे, डोळ्यांनी पाहिलेली नव्हे.

आणखी एक ठिकाण लोक अडखळतात. काही पंचांगांत सृष्टीची गत वर्षं 1,97,29,49,126 ऐवजी 1,95,58,85,126 छापतात. ती छपाईची चूक नाही. सूर्यसिद्धान्ताच्या मते चराचर निर्माण करायला ब्रह्मदेवाला 47,400 दिव्य वर्षं लागली. 360 ने गुणून 1,70,64,000. तेवढी वजा केली की दुसरा आकडा येतो. ग्रहांची चाल तिथून सुरू.

उधाण
एवढ्या मोठ्या चक्राशी किनाऱ्यावरच्या माणसाचा काय संबंध, याचं उत्तर इथलंच आहे. भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. अष्टमीच्या सुमाराला भांग (लहान भरती), पुनवेला आणि अवसेला उधाण. खरं तर भरती दर तिथीला सुमारे 48 मिनिटं मागे सरते, पाऊणपट 45 धरते. चतुर्दशीपर्यंत 42 मिनिटं तुटतात. तरी रीत चालते, कारण पक्ष संपला की मोजणी नव्याने सुरू होते. खाडीत आत गेलं की भरती आणखी उशिरा लागते, ते त्या त्या गावाने मिळवायचं.

हीच युक्ती मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी आकाशाला लावली. कल्पारंभापासून आजपर्यंतचे दिवस 72 हजार कोटींच्या वर, कलीपासून मोजले तरी 18 लाखांवर. हाताने गुणाकार करताना एक अंक चुकला की सगळं गेलं. शके 1442 मध्ये त्यांनी ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचला आणि 11 वर्षांचं चक्र घेतलं, 4016 दिवसांचं. अहर्गण, म्हणजे गेलेल्या दिवसांची संख्या, कधी पाच आकडी होतच नाही. मला वाटतं कालचक्रावरच्या चर्चेत या माणसाचं नाव सगळ्यात आधी यायला हवं, आणि तेही कोकणात.

बंदर_रोड
करून दाखवा ना. शके 1947 चा पाडवा घ्या.

उधाण
1947 वजा 1442 = 505. भागिले 11: चक्र 45, बाकी 10. बाकी गुणिले 12 = 120 महिने. चैत्रापासून गेलेले महिने मिळवायचे, इथे शून्य. अधिकमासांसाठी 120 मध्ये चक्राची दुप्पट 90 आणि 10 मिळवा, 220. भागिले 33 = 6. महिने झाले 126. गुणिले 30 = 3780. गत तिथी शून्य. चक्राचा सहावा भाग 7 मिळवा, 3787. (136 चांद्रमास 4016 दिवसांहून किंचित मोठे असतात, तो सहावा भाग त्याची भरपाई.) क्षयदिवसांसाठी (तिथींपेक्षा दिवस कमी भरतात, तो फरक) 64 ने भागा, 59. वजा करून अहर्गण 3728.

आता वार तपासायचा. 3728 मध्ये चक्राची पाचपट 225 मिळवा, 3953. सातने भागून बाकी 5. सोमवार शून्य धरून शनिवार येतो. पाडवा होता रविवारी, 30 मार्च 2025. गणित मध्यम गतीचं असल्याने एका दिवसाचा फरक पडतो. वाराशी जुळवून एक मिळवायचा. अहर्गण 3729.

आकडेमोड
ताडून पाहिलं. 45 गुणिले 4016 अधिक 3729 = 1,84,449. ग्रंथारंभाच्या सोमवारपासून, तेव्हाच्या ज्युलियन मोजणीने 19 मार्च 1520, त्या रविवारपर्यंत दिवस मोजले तर तेवढेच भरतात.

पुढच्या वर्षाला मात्र सांभाळून. शके 1948 ला 506 भागिले 11, चक्र 46, बाकी शून्य. नवं चक्र सुरू. अधिकमासांसाठी 0 + 92 + 10 = 102, भागिले 33 = 3. तसंच पुढे नेलं तर उत्तर महिनाभराने चुकतं. तिसरा अधिकमास म्हणजे 1948 चा अधिक ज्येष्ठ, तो पाडव्याला अजून पडलेला नसतो. म्हणून एक कमी करून 2 घ्यायचे. 60 + 7 = 67, भागिले 64 = 1, अहर्गण 66. वार: 66 + 230 = 296, बाकी 2, बुधवार. पाडवा गुरुवारी, 19 मार्च 2026. एक मिळवून 67.

दशग्रंथी
हे वहीत उतरवून घेतले. मुंजीनंतर संध्या शिकवताना संकल्पासोबत हाच हिशेब पाटीवर मांडायला मुलांना सांगेन. 15 संधी आधी, मग शकात 3179, मग नांदगावचे चक्र. खाडीकाठ, पाटीवर तेवढे "भाजक" लिहू नका. "मान" लिहा.

खाडीकाठ
मान चालेल.