इंजिन टेम्परेचर एनएमईए २००० वर (बोटीतल्या उपकरणांचं डेटा नेटवर्क) आणायचंय, मदत हवी आहे

बोटीत जुनं १२ व्होल्टचं डिझेल इंजिन, कूलंटला एका वायरचा सेंडर (टेम्परेचर मोजणारा सेन्सर) आणि डॅशबोर्डवर काट्याचा मीटर. आता त्याच वायरला ॲनालॉग कन्व्हर्टर (सेंडरचा सिग्नल नेटवर्कवर पाठवणारा) जोडला तर स्क्रीन आणि मीटर दोन्ही टेम्परेचर कमी दाखवतात, मीटर काढला की मात्र स्क्रीनवरचा आकडा इन्फ्रारेड गनशी बऱ्यापैकी जुळतो. नेटवर्क ठीक आहे, दोन्ही टर्मिनेटर (टोकांचे रेझिस्टर) आहेत, पॉवर बंद करून ६० ओहम येतात, जीपीएस-डेप्थ दिसतंय. अर्थिंग घासून साफ केलं, कन्व्हर्टरमध्ये सेंडरची युरोपियन-अमेरिकन दोन्ही सेटिंग टाकून बघितली. मीटर काढायचा नाहीये, स्क्रीन गेली तर समुद्रात तोच आधार. ब्लॉकवर दुसरं रिकामं भोक नाही आणि टी (एकाच भोकात दोन सेंडर बसवायचा जोड) लावला तर सेंडरचं टोक पाण्याच्या प्रवाहाबाहेर राहील असं वाटतं. मग मीटरसोबत चालणारा, नुसतं व्होल्टेज वाचणारा कन्व्हर्टर घेऊ की दुसरा सेंडर थर्मोस्टॅट हाउसिंगवर बसवू, कोणी केलंय का?