बोर्ड कापायचाच असेल तर...
'आधुनिक हँडहेल्डवर (हातात धरून खेळायच्या कन्सोलवर) इम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, सगळं चालवतो, मग निन्टेन्डो वी या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलचा बोर्ड कापून त्याचा पोर्टेबल बनवायचा खटाटोप कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. पण २००६च्या वीमध्ये गेमक्यूब या निन्टेन्डोच्याच आधीच्या कन्सोलचे गेम थेट हार्डवेअरवर चालतात. मध्ये इम्युलेशनचा थर नसल्याने शेडर (ग्राफिक्स चिपसाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होताना बसणारे झटके नाहीत. कापताना प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, मेमरी राखायची आणि व्होल्टेज रेग्युलेटर (चिपना योग्य व्होल्टेज पुरवणारे भाग) नवे जोडायचे. नको तो ट्रेस (बोर्डवरची तांब्याची बारीक वाट) तुटला की बोर्ड गेलाच, आणि हे बोर्ड आता नव्याने बनत नाहीत, हे मला फार सलतं. म्हणून कळकळीने सांगतो, चालू कन्सोल कापू नका. डिस्क ड्राइव्ह बिघडलेला घ्या. कारण पोर्टेबलमध्ये गेम यूएसबीवरूनच चालवायचे असतात. नुसतं खेळायचं असेल तर इम्युलेटर उत्तम, सेव्ह स्टेटही (गेम हव्या त्या क्षणी जसाच्या तसा जतन करायची सोय) मिळतं.