अनुभव धागा : आमच्या आईला गाव 'बाई' म्हणत असे

माझी आई गेली त्याला येत्या दासनवमीला वर्ष होईल. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने तिची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी एकाच फडक्यात बांधलेली तिची जपमाळ आणि दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे नोकरीच्या नोंदींची तिच्याजवळची प्रत, सापडले. दोन्ही एकत्र का बांधले असतील, हे विचारायला आता ती नाही. म्हणून हा धागा काढतो आहे. ज्यांची आई शिक्षिका होती आणि आपल्या धर्माचेही निष्ठेने करीत होती, त्यांनी इथे लिहावे. मात्र आई थोर होती एवढेच लिहिले, तर ती कोणाचीही आई होते. ती कोणती एसटी पकडत असे, देवाला किती वेळ देत असे आणि त्यातून आपल्या वाट्याला काय उरत असे, ते लिहावे. सुरुवात मीच करतो.

आई 1967 च्या जून महिन्यात पाटण तालुक्यातल्या एका एकशिक्षकी शाळेवर रुजू झाली. तेव्हा तिला एकविसावे वर्ष होते. त्याच वर्षी 11 डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तिच्या भाड्याच्या खोलीची मागची भिंत गेली, देव्हारा ढिगाऱ्याखाली राहिला, आणि ती अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर आली. त्यानंतर कित्येक दिवस जमीन अधूनमधून हलतच होती, त्यामुळे छपराखाली बसायला ना मुले तयार होती ना त्यांचे आईबाप. शाळा आंब्याखाली भरू लागली. धक्का बसला की मुलांचे चेहरे पांढरे पडत आणि आई त्यांना लगेच मोठ्याने पाढे म्हणायला लावी, पाढे संपले की मनाचे श्लोक, तेही संपले की पुन्हा पाढे. पुढे आम्हांला सांगताना ती म्हणे, "घाबरलेल्या पोराला गप्प बस म्हणू नये, त्याच्या तोंडाला काम द्यावे. मी जप करते तो तरी दुसरे काय आहे?" तिच्या श्रद्धेविषयी याहून अधिक ती कधी बोलली नाही.

आता वाट्याला काय उरले तेही लिहितो. चौथीपर्यंत मी तिच्याच वर्गात होतो, शाळेत तिला 'बाई' म्हणत होतो आणि माझी पाटी ती सर्वांत शेवटी तपासत असे. घरी येऊन मी पुन्हा पाटी पुढे केली, तर "तुझा नंबर शाळेत झाला" असे म्हणून ती चुलीकडे वळे. पन्नाशी उलटून गेल्यावरही मला त्याचा थोडा राग आहे, आणि तो इथे लपवण्याचे कारण दिसत नाही.

सांगली, गावभाग

आपण मांडलेला राग ओळखीचा वाटला, म्हणून लिहिते. आमचे घर जैन. आई हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवीत असे आणि सूर्यास्तानंतर अन्नाचा कण घेत नसे. शाळा साडेपाचला सुटे. डिसेंबरात सांगलीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे कोणा मुलीची शंका निरसायला ती दहा मिनिटे थांबली, की त्या दिवशीचे जेवण गेलेच. सायकल भिंतीला लावून ती आमची ताटे वाढी आणि स्वतः सामायिकाला, म्हणजे जैनांच्या नित्य ध्यानाला, बसे. मुलींना तिने हे कधीही कळू दिले नाही. आम्हांला मात्र ते रोज दिसत होते, आणि त्या शंका विचारणाऱ्या मुलींविषयी माझ्या मनात लहानपणी फार कडवटपणा होता.

आठवीच्या वर्गात ती डबक्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकेकीला पाहायला लावी. त्यात काही वळवळताना दिसले की मुली किंचाळत. आई म्हणे, "मी त्यांच्या जिवासाठी पाणी गाळते, तुम्ही आपल्या पोटासाठी गाळा आणि उकळाही." धर्म आणि विज्ञान यांचा वाद आमच्या घरी कधी झालाच नाही, कारण दोन्हींचे काम त्याच एका गाळणीच्या फडक्यावर चालत असे.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले. धोक्याची पातळी 45 फुटांची आहे, यावरून काय ते समजावे. आम्ही एका मंगल कार्यालयात आसरा घेतला होता. तिथे शेकडो माणसांचा स्वयंपाक होता होता रात्रीचे आठ वाजत. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईने पहिल्या दिवशी सकाळी जे खाल्ले तेवढेच, समजूत घालायला गेले तर म्हणाली, "पुराला वेळ कळत नाही, मला कळते." दुसऱ्या दिवशी पाच वाजता एक प्रौढ बाई गुडघाभर पाण्यातून भाकरी आणि मुगाची उसळ घेऊन आली. आईची जुनी विद्यार्थिनी. "बाई, तुम्ही अंधार पडल्यावर जेवत नाही, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होते," असे ती म्हणाली. म्हणजे मुलींना ते कळत होते. पाणी उतरेपर्यंत ती रोज आली. आईने पहिला घास घेतला तेव्हा मी तिथून उठून बाहेर गेले, कारण माझा तो जुना कडवटपणा नेमका कोणावर होता, हे मला त्या क्षणी सांगता आले नसते.

मिरज

थोडेच लिहितो. अम्मी उर्दू शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवीत असे. 1990 साली रमजान एप्रिलच्या उन्हात आला आणि त्यातच वार्षिक परीक्षा आल्या. तोंडी परीक्षा घेताना तिचा घसा कोरडा पडून आवाज फुटेनासा होई, तेव्हा ती प्रश्न फळ्यावर लिहून दाखवी. पर्समध्ये लहान मुलांसाठी गूळ-शेंगदाण्यांची पुडी असे. एका मुलाने विचारले, "टीचर, तुम्ही का खात नाही?" तिने फळ्यावर लिहिले, "हा माझा पेपर आहे."

माण तालुका

धागा शिक्षिकांच्या मुलांसाठी आहे आणि मी एका बाईंचा विद्यार्थी, तरी लिहिण्याची परवानगी गृहीत धरतो. 1972 च्या दुष्काळात माझी आई रोज खडी फोडायला जात होती. धाकट्या भावाला सांभाळायला मीही कामावर जाऊ लागलो आणि शाळेचा पट निम्म्यावर आला. आमच्या बाई माळकरी होत्या. संध्याकाळी त्या कामाच्या जागी येत, फोडलेल्या खडीच्या ढिगाशेजारी आम्हांला बसवत आणि मातीत बोटाने अक्षरे काढून घेत. येताना त्यांच्या पिशवीत तांबड्या मिलोच्या, म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, दोन भाकरी असत. त्या आमच्यात वाटून देताना म्हणत, "मला आज एकादशी आहे." आम्ही निर्धास्तपणे खात असू.

महिन्यात एकादश्या दोनच असतात, हे मला पुढे सातवीत गेल्यावर, घरी कॅलेंडर आले तेव्हा समजले. त्या उन्हाळ्यात बाईंनी किती एकादश्या केल्या, ते आईला विचारले. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "आम्हा बायकांना ठाऊक होतं रे."